न्यू जर्सीत मतदान: टपाली मतपत्रिका वेगळी, अर्ली व्होटिंग वेगळं

ऑक्टोबर उजाडला की एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत तेच ऐकू येतं: "घरी बॅलट आलंय, शनिवारी अर्ली व्होटिंगला जाऊन टाकून येऊ." या एका वाक्यात दोन वेगळ्या पद्धतींची खिचडी आहे.

नोंदणीचं थोडक्यात. नागरिकत्व हवं, ग्रीन कार्ड चालत नाही. निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत नाव नोंदवावं लागतं. बोटाला शाई नसते आणि नोंदणी रीतसर असेल तर बहुतेकांकडे ओळखपत्रही मागत नाहीत.

अर्ली व्होटिंग म्हणजे केंद्रावर स्वतः जाऊन, मशीनवर, निवडणुकीच्या दिवसाआधी केलेलं मतदान. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते नऊ दिवस चालतं. २०२५ मध्ये ते २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असं होतं. वेळ सोमवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ८, रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत. आपल्या काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) कुठलंही अर्ली व्होटिंग केंद्र चालतं. गावाकडे आपलं नाव ज्या बूथवर, तिथेच जायचं, ही सवय इथे फक्त निवडणुकीच्या दिवसापुरती धरा.

टपाली मतपत्रिका काउंटी क्लर्ककडे अर्ज केल्यावर घरी येते. ती भरून परत जाते मात्र बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे. ही दोन स्वतंत्र कार्यालयं आहेत.

आता खरी मेख. एकदा टपाली मतपत्रिका मागितली की ती नोंद तुमच्या नावाला चिकटते. सर्व निवडणुकांसाठी मागणी केली असेल, तर लेखी रद्द केलं नाही तर सहसा दर निवडणुकीला पाकीट येत राहतं. अनेकांना आपण कधी अर्ज केला होता हेही आठवत नसतं. असा मतदार केंद्रावर गेला की यादीत तो टपाली मतदार म्हणून दिसतो आणि त्याला मशीन मिळत नाही. हातातली मतपत्रिका परत देतो म्हटलं, फाडून टाकली म्हटलं, तरी नाही. भरलेलं पाकीटही केंद्रावर स्वीकारत नाहीत. मिळतं ते प्रोव्हिजनल बॅलट: कागदी मतपत्रिका, सोबत भरून सही करायचं प्रतिज्ञापत्र. तुमचं टपाली मत आलेलं नाही याची काउंटीने खात्री केल्यावरच ते मोजतात. प्रतिज्ञापत्रावर सही राहिली तर मत बाद होऊ शकतं. केंद्रावरचे कर्मचारी यात काही बदल करू शकत नाहीत, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

या घोळाचं मूळ बरंचसं २०२० मध्ये आहे. कोविडमुळे त्या नोव्हेंबरात सर्व सक्रिय मतदारांना घरी मतपत्रिका गेल्या होत्या. मशीनवरचं अर्ली व्होटिंग २०२१ च्या कायद्याने सुरू झालं. दोन्ही लागोपाठ आल्यामुळे लोकांच्या डोक्यात एकच झालं.

घरी आलेली मतपत्रिका हातात असेल तर तीच भरा. आतल्या पाकिटाला जोडलेलं प्रमाणपत्र, म्हणजे सही करायचा कागद, फाडू नका. तो फालतू कागद समजून वेगळा करणारे दरवेळी निघतात. सही नोंदणीवरच्या सहीशी जुळायला हवी. देवनागरीत नोंदवली असेल तर इथेही देवनागरीतच करा. टपालाने पाठवताना निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ पर्यंतचा पोस्टाचा शिक्का हवा आणि पाकीट सहा दिवसांत पोचायला हवं. शिक्का म्हणजे शिक्काच, टपालपेटीत टाकल्याची वेळ नव्हे. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मी तरी पोस्टावर अजिबात भरवसा ठेवणार नाही. काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या पेटीत, निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ पर्यंत टाकता येतं, तोच रस्ता धरा. शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाकिटं गोळा करून नेणाऱ्यांनी मर्यादा लक्षात ठेवावी: एका माणसाला तीन, एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांची असतील तर पाच. आणि नेणाऱ्याने पाकिटावर त्याच्यासाठी असलेल्या जागेत आपला तपशील भरून सही करायची.

मशीनवरच मत द्यायला आवडत असेल तर निवडणूक तोंडावर येईपर्यंत थांबू नका. टपाली मतपत्रिका नको असल्याचा फॉर्म काउंटी क्लर्ककडे आत्ताच पाठवा. पती-पत्नीने आपापला वेगळा, कारण एकाच्या सहीने दुसऱ्याची नोंद रद्द होत नाही.