रेषेवरचा एक मिलिमीटर

नोव्हेंबर 2017 मध्ये मिलानला 21 वर्षांपर्यंतच्या टेनिसपटूंची पहिली नेक्स्ट जेन एटीपी फायनल्स भरली, तेव्हा कोर्टाभोवती एकही रेषापंच नव्हता. चेंडू बाहेर पडला की ध्वनिमुद्रित आवाज ‘आउट’ पुकारायचा. ही स्पर्धा प्रयोगांसाठीच होती. सेट सहाऐवजी चार गेमचा, ड्यूस (40-40 अशी बरोबरी) झाला की पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल, सर्व्हिससाठी 25 सेकंदांचं घड्याळ. घड्याळ पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये लागलं. पण सगळ्यात खोल बदल त्या आवाजाने घडवला. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनने सर्व कोर्टांवरून रेषापंच हटवले आणि 2025 मध्ये विम्बल्डननेही 147 वर्षांची परंपरा थांबवली.

मला हा बदल योग्य वाटतो, आणि त्याचं कारण आपल्या मेंदूत आहे. वेगाने सरकणारी वस्तू आपल्याला ती आहे तिथून किंचित पुढे, तिच्या गतीच्या दिशेने सरकलेली भासते. दृष्टीचा अभ्यास करणारे संशोधक डेव्हिड व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विम्बल्डन 2007 मधले चार हजारांहून अधिक गुण तपासले. त्यांत पंचांचे 83 निर्णय चुकलेले सापडले. चुका निव्वळ योगायोगाने होत असत्या, तर दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच विभागल्या असत्या. प्रत्यक्षात 83 पैकी 70 वेळा आत पडलेला चेंडू बाहेर ठरवला गेला होता. पंच कितीही अनुभवी असले, तरी हा भास टळत नाही. ताशी 200 किलोमीटरची सर्व्हिस रॅकेटवरून सुटते तेव्हा सेकंदाला 55 मीटर वेगाने जात असते, आणि चेंडूचा जमिनीशी संपर्क टिकतो जेमतेम पाच सहस्रांश सेकंद!

मग यंत्राला तो क्षण दिसतो का? कॅमेरे कितीही वेगवान असले, तरी एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो. हॉक-आय प्रणालीत कोर्टाभोवतीचे अनेक कॅमेरे प्रत्येक फ्रेममध्ये चेंडूचं केंद्र शोधतात. वेगवेगळ्या कोनांतून मिळालेल्या या जागा जुळवून त्रिमितीतला मार्ग काढला जातो. चेंडू टप्प्यावर दबतो, घसरतो. तेही हिशेबात धरून जमिनीवरचा ठसा ठरवला जातो. पडद्यावर दिसणारा लंबगोल ठसा हा छायाचित्र नसतो. तो गणिताचा निष्कर्ष असतो.

आणि गणिताला त्रुटीची मर्यादा असते. हॉक-आयची सरासरी चूक पूर्वी 3.6 मिलिमीटर सांगितली जायची. 2007 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात नदालचा एक फटका यंत्राने सुमारे एका मिलिमीटरने आत दाखवला, तेव्हा फेडररने पंचांना ही यंत्रणा बंद करता येईल का, असं विचारलं होतं. तो चिडला होता, पण त्याच्या शंकेला वैज्ञानिक आधार होता. पडद्यावरची रेखीव आकृती मात्र पूर्ण खात्रीच्या थाटात समोर येते.

मातीच्या कोर्टावर ही ओढाताण उघड दिसते. 2025 मध्ये माद्रिदला जर्मन खेळाडू झ्वेरेव्हने मातीवरच्या खुणेचा मोबाइलवर फोटो काढला आणि ताकीद ओढवून घेतली. त्याच्या मते खूण बाहेर होती. यंत्राने चेंडू आत धरला होता. पण खूणही निखळ पुरावा नसते. माती कुठे सैल, कुठे घट्ट असते आणि त्यानुसार ठसा बदलतो. तरीही फ्रेंच ओपनने 2025 मध्ये रेषापंच आणि खुणेची तपासणी कायम ठेवली.

क्रिकेटने हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने हाताळली आहे. पायचीतच्या निर्णयात चेंडू यष्टीला निसटता लागताना दिसला, तर ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरचा निर्णय कायम राहतो. यंत्राच्या अनिश्चिततेला तिथे नियमातच जागा आहे. बहुतेक मोठ्या टेनिस स्पर्धांमध्ये ती जागा आता उरलेली नाही, कारण ज्याच्याकडे निर्णय परत सोपवायचा तो रेषापंचच कोर्टावर नाही. मुख्य पंच आहेत, पण त्यांनी एकट्याने सगळ्या रेषांवर नजर ठेवावी अशी अपेक्षाच उरलेली नाही. निदान पडद्यावर त्या ठशाभोवती त्रुटीची पट्टी दाखवायला हवी, म्हणजे निर्णय किती काठावरचा होता हे प्रेक्षकांना कळेल.

रेषापंच नसल्याची झळ विम्बल्डन 2025 मध्ये रशियन खेळाडू पाव्हल्युचेन्कोव्हाला बसली. सेंटर कोर्टवर प्रतिस्पर्धी सोने कार्तालचा चेंडू स्पष्टपणे बेसलाइनबाहेर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेबाहेर पडला, पण आवाज आलाच नाही. कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणा चुकून बंद झाली होती. पंचांनी गुण पुन्हा खेळायला लावला, तो कार्तालने जिंकला आणि गेमही तिच्याकडे गेला. सामना शेवटी पाव्हल्युचेन्कोव्हाने जिंकला. त्यानंतर आयोजकांनी सामना चालू असताना यंत्रणा हाताने बंद करण्याची सोयच काढून टाकली.