ताडपत्रीची ठिगळदुरुस्ती

ताडपत्रीची ठिगळदुरुस्ती : मालमोटार, टेम्पो, जीप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील कॅनव्हासचे आच्छादन फाटले असता त्याच जातीच्या कापडाचे ठिगळ चिकटवून, आणि ताण येणाऱ्या जागी शिवून, ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी भाषक या आच्छादनाला ताडपत्री म्हणतात; कन्नड शेजाऱ्यांत ताडपाल हा शब्दही चालतो.

या भागात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. अथणीकडचा पूर्व पट्टा कोरडा, तर मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीच्या परिसरात व चोर्ला घाटात पावसाळाभर संततधार असते. बेळगावहून गोव्याला जाणारी भाजीची गाडी एकाच फेरीत कमी पावसातून या संततधारेत शिरते. त्यामुळे निपाणीची तंबाखू असो वा खानापूरचे भात, ताडपत्रीची डागडुजी मृग नक्षत्रापूर्वी, कडक उन्हाच्या दिवसांत उरकणे श्रेयस्कर असते. ओलसर कापडावर कोणतेही सोल्यूशन (चिकटवण्याचे द्रव्य) नीट धरत नाही.

दुरुस्तीआधी कापड ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक ठिगळे कामातल्या हयगयीपेक्षा चुकीच्या जोडीमुळे सुटतात. सुती कॅनव्हासला रबर सोल्यूशन चालते. पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाला पीव्हीसीचेच ठिगळ आणि त्यासाठीचे वेगळे सोल्यूशन लागते. निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या पॉलिथिलीनच्या असतात. त्यांवर सामान्य चिकटद्रव्य ठरत नाही, म्हणून त्या उष्णतेने सांधतात.

सुती कॅनव्हासमध्येही मेण दिलेले कापड अडचणीचे असते. पाणी अडवणारे मेणच सोल्यूशनलाही धाग्यापर्यंत पोहोचू देत नाही. फाटीभोवतीचे मेण बोथट सुरीने खरवडून, पेट्रोलच्या बोळ्याने पुसून जागा पूर्ण वाळू द्यावी लागते. आणि मेण खोल मुरलेले असेल, तर चिकटवण्याचा नाद सोडून ठिगळ शिवणेच योग्य. पेट्रोल आणि सोल्यूशन दोन्ही ज्वालाग्राही असून त्यांची वाफ डोक्यात चढते, म्हणून हे काम उघड्यावर आणि विडी-चुलीपासून दूर करावे.

फाट सपाट फळीवर पसरून तिच्या कडा एकमेकींना भिडवतात व मोठ्या टाक्यांनी तात्पुरत्या धरतात. ठिगळ फाटीच्या चारही बाजूंनी किमान 5 सेंमी पुढे येईल एवढे कापतात आणि त्याचे कोपरे गोल करतात, कारण टोकदार कोपरा दोरीच्या घर्षणाने पहिल्यांदा उचलतो. ठिगळाचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळले पाहिजेत. तिरके ठिगळ ताणाखाली वेगळ्या दिशेने ओढले जाते आणि कडेला चुण्या पडतात. नवे कॅनव्हास पहिल्या पावसात आकसते, म्हणून जुन्या ताडपत्रीचा धड तुकडा अधिक बरा. दोन्ही पृष्ठांवर सोल्यूशनचा पातळ हात देऊन ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, साधारण 10 ते 15 मिनिटे, थांबतात. ही वाट न पाहता ओले ठिगळ दाबले तर आत वाफ कोंडून फुगे येतात. नंतर मध्यापासून कडांकडे दाबत जाऊन वर वजन ठेवतात आणि ताडपत्री निदान 24 तास घडी न करता राहू देतात.

सोल्यूशन पाणी रोखते. दोरीची ओढ मात्र शिवणच सोसते. म्हणून कडेची दुमड, आयलेटची (दोरी ओवायच्या धातूच्या कड्याची) जागा आणि गाडीवर आच्छादन पेलणाऱ्या कमानीवर घासणारा पट्टा येथे चिकटवलेल्या ठिगळावर दाभणाने दुहेरी टीप घालतात. सुती कॅनव्हाससाठी मेण ओढलेला सुती दोरा वापरणे चांगले, कारण तो भिजल्यावर फुगून दाभणाचे छिद्र स्वतःच बुजवतो. आयलेट पितळी असावे. लोखंडी गंजते आणि त्याभोवतीचे कापड कुजवते. शेवटी शिवणीवर आणि मेण काढलेल्या जागेवर मेणबत्ती घासून उन्हात मुरू देतात. ही पायरी गाळल्यास ठिगळ कोरडे राहते, पण त्याच्या कडेने पाणी झिरपते.

बुरशीने काळे पडलेले कापड दोन्ही हातांत धरून हलका झटका दिल्यावर फाटत असेल, तर त्यावर ठिगळ लावत नाहीत, कारण कापड ठिगळाच्या कडेलाच पुन्हा उसवते.