डिजिटल प्रक्षेपण मानके आणि ट्यूनर ड्रायव्हर

संगणकाला जोडलेले ट्यूनर कार्ड किंवा यूएसबी डोंगल एखाद्या देशातील डिजिटल दूरचित्रवाणी दाखवू शकेल की नाही, हे आधी त्यातील डिमॉड्युलेटर चिपवर (म्हणजे लहरीतून डिजिटल माहिती वेगळी काढणाऱ्या चिपवर) आणि मग त्या चिपसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाला ती चिप वापरता येण्यासाठीच्या प्रोग्रॅमवर ठरते.

मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणाची मानके मुळातच वेगळी आहेत. अमेरिकेतील मूळ एटीएससी हे मानक ६ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत एकाच वाहक लहरीवरून (माहिती वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीवरून) सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिट माहिती पाठवते. युरोपातील डीव्हीबी-टी तीच कामगिरी हजारो बारीक वाहकांत वाटून देते, त्यामुळे इमारतींवरून परतणारे प्रतिध्वनी त्याला फारसे बाधत नाहीत. जपानचे आयएसडीबी-टी वाहिनीचे १३ खंड पाडते व त्यातला एक मोबाइलसाठी राखता येतो. डीव्हीबी-टी२ हे नावाने जरी धाकटे भावंड वाटले, तरी त्याची त्रुटिसुधारणेची (वाटेत बिघडलेली माहिती दुरुस्त करण्याची) रीत निराळी असल्याने जुन्या डीव्हीबी-टी चिपला ते उलगडत नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ हेच मानक वापरून मोबाइलसाठी सेवा सुरू केली. घरोघरीची डीडी फ्री डिश मात्र उपग्रहावरची, म्हणजे डीव्हीबी-एस कुळातली आहे.

लिनक्स या संगणक प्रणालीमध्ये यूएसबी पूल (डोंगलमधील माहिती यूएसबीवरून संगणकाकडे नेणारी चिप), ट्यूनर (हवी ती वाहिनी पकडणारी चिप) आणि डिमॉड्युलेटर यांचे ड्रायव्हर स्वतंत्र असतात, म्हणून एकाच चिपचा ड्रायव्हर अनेक कंपन्यांच्या डोंगलांना चालतो. मात्र उत्पादक खोक्यावरचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात, तेव्हा खरेदीदाराची फसगत होते. नावापेक्षा यूएसबी ओळखक्रमांक पाहणे शहाणपणाचे. स्वस्त आणि लोकप्रिय आरटीएल२८३२यू चिप डीव्हीबी-टीच उलगडते, आणि ड्रायव्हर कितीही सुधारला तरी तिला टी२ येत नाही. त्यासाठी काही डोंगलांत दुसरा डिमॉड्युलेटर बसवलेला असतो. उलट, सिलिकॉन लॅब्सच्या एसआय२१६८ सारख्या चिपमध्ये टी२ ची क्षमता असूनही फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल संगणकावर नसेल तर ती कामच करत नाही.

सॉफ्टवेअरचा सांधाही मानकांमागे धावत आला आहे. लिनक्सचा जुना डीव्हीबी इंटरफेस (प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांना जोडणारा दुवा) डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या नव्या मानकासाठी अपुरा पडला, तेव्हा डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्याची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात प्रक्षेपणाचा प्रत्येक गुणधर्म स्वतंत्रपणे सांगता येतो. टी२ च्या एकाच वाहिनीत अनेक प्रवाह असतील, तर हवा तो प्रवाह क्रमांकाने निवडणेही त्यामुळेच शक्य झाले.