ठासणीच्या रायफलीची सफाई

तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासायच्या, आतून खाचा असलेल्या बंदुकीची नळी, निपल (ठिणगी देणारी मसाल्याची टोपी जिच्यावर बसते ती पोकळ नळी) किंवा कान (दारूपर्यंत आग पोचवणारे नळीतील छिद्र) आणि चापाची यंत्रणा बार उडवल्यानंतर धुऊन, कोरडी करून, वंगण लावून ठेवण्याची क्रिया. बिनधुराच्या दारूच्या बंदुकीत सफाई थोडी लांबली तरी सहसा बिघडत नाही; काळ्या दारूच्या बंदुकीत ती त्याच दिवशी उरकावी लागते. दमट हवेत एका रात्रीतही नळीत गंज दिसू लागतो.

सफाईचा प्रश्न रायफलीच्या जन्माशीच जोडलेला आहे, निदान एका मतानुसार. नळीत खाचा पाडण्याचे श्रेय परंपरेने व्हिएन्नाचा गास्पार्ड कोल्नर (पंधराव्या शतकाची अखेर) किंवा न्यूरेंबर्गचा ऑगस्ट कोटर (सु. 1520) यांना दिले जाते, दोघांविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. जुन्या काही नळ्यांतील खाचा सरळ आहेत. सरळ खाचेने गोळीला फिरकी मिळत नाही, म्हणून तिचा हेतू जळकी घाण साठवून गोळी ठासणे सोपे करण्याचा असावा आणि खाचेला पीळ नंतर दिला गेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. दुसरे मत असे की, पिसांना तिरके बसवल्याने बाण फिरत जातो हे तिरंदाजांना आधीच माहीत होते, त्यामुळे पिळाची कल्पना पहिल्यापासूनची असू शकते. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी सु. 1500 मध्ये घडवलेल्या बंदुकीत सर्पिल खाचा आहेत, ही बाब दुसऱ्या मताला बळ देते. शिवाय खाचांमुळे नळीच्या आतील पृष्ठभाग वाढतो आणि घासताना कोपऱ्यांपर्यंत पोचता येत नाही. घाणीवरचा उपाय म्हणून खाचा निघाल्या असतील, तर तो उपाय बराच उफराटा म्हणावा लागेल. पिळाच्या उपयोगाची शास्त्रीय मांडणी मात्र बेंजामिन रॉबिन्सने 1747 मध्ये केली.

घाणीचा दाब शस्त्रांच्या घडणीवर पुढेही दिसतो. ब्रिटिश पायदळाच्या गुळगुळीत नळीच्या मस्केटचा व्यास 0.75 इंच, तर गोळी सु. 0.69 इंच असे. ही सैल बसणी नेमाच्या मुळावर येई, पण नळी माखल्यावरही बार भरता येत असे. रायफलीत गोळी घट्ट हवी, म्हणून ती वंगण लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासत. क्लोद-एत्येन मिनिए याच्या 1849 च्या पोकळ बुडाच्या गोळीने हा पेच बराच सोडवला: गोळी सैल उतरते, बार होताच फुगून खाचांत बसते. 1853 च्या एनफिल्ड रायफलीच्या (0.577 इंच, तीन खाचा) काडतुसाला लावलेले वंगण गोळी सरकावी आणि कीटण (जळक्या दारूचा नळीला चिकटणारा थर) मऊ राहावे यासाठीच होते, त्यातील चरबी कोणत्या जनावराची, हा 1857 चा प्रसिद्ध प्रश्न येथून उद्भवतो. व्हिटवर्थची षट्कोनी नळीची 0.451 इंची रायफल नेमात एनफिल्डपेक्षा सरस ठरली, पण लवकर माखत असे. अमेरिकी यादवी युद्धात विल्यम्सने 1862 मध्ये पेटंट घेतलेली, बुडाशी जस्ताची चकती असलेली गोळी वापरात आली. बार होताच चकती पसरून नळी खरवडत जाईल, अशी कल्पना होती. तिच्या उपयोगाविषयी मते वेगवेगळी आहेत.

कीटणाचे रसायन : काळ्या दारूत स्थूलमानाने 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा व 10 टक्के गंधक असते. अँड्रू नोबल व फ्रेडरिक एबल यांनी 1875 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दारूच्या वजनापैकी सु. 43 टक्के वायुरूपात जाऊन सु. 57 टक्के घन अवशेष उरतो असे आढळले. यातला बराच भाग धुरावाटे बाहेर पडतो, उरलेला नळीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड ही द्रव्ये असतात, आणि थोडा न जळलेला कोळसा. अवशेषात सापडलेले थायोसल्फेट स्फोटातच तयार होते की नमुना हवेत उघडा पडल्यावर, यावर त्या काळी वाद झाला. नंतर दुसऱ्या पर्यायाकडे कल झुकला. सफाईच्या दृष्टीने फरक पडत नाही, कारण ही सर्व लवणे पाण्यात विरघळतात. नळीत पाणी ओतताच सडक्या अंड्यासारखा येणारा वास सल्फाइडचा.

गंधकापासून आम्ल तयार होऊन नळी खाल्ली जाते, ही समजूत अजून ऐकू येते. ताज्या कीटणाचे पाणी मात्र कार्बोनेटमुळे अल्कधर्मी असते. लवणे हवेतील ओल शोषतात आणि त्या ओलाव्यात लोखंड गंजते, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. टोपीच्या बंदुकीत आणखी एक घटक येतो. टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असेल, तर जळून पोटॅशियम क्लोराइड उरते आणि ते मिठासारखेच वागते. तेलाने पुसलेली नळीही का गंजते, याचा उलगडा विल्बर्ट हफ याने अमेरिकेच्या खाण विभागासाठी केलेल्या व 1922 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाला. त्याचा विषय बिनधुराच्या दारूची लष्करी रायफल होता, पण निष्कर्ष येथेही लागू पडतो: तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळते.

पद्धत : बंदूक रिकामी असल्याची खात्री गजाने करतात. गज बुडापर्यंत सोडून तोंडाशी खूण केलेली असते. खूण वर राहिली तर आत बार आहे. आकड्याने अडकवलेल्या बुडाची नळी पाचर काढून लाकडापासून अलग होते. निपल काढून बुडाचे टोक कोमट पाण्याच्या बादलीत ठेवतात आणि ओली घट्ट चिंधी गजाला लावून वरखाली करतात, म्हणजे पाणी पिचकारीसारखे आत-बाहेर होते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालते. खिळ्यांनी जखडलेली लांब नळी दरवेळी काढू नये, लाकूड फाटते. तेथे कानात काडी ठोकून नळीत पाणी भरतात, हलवून ओततात. नंतर कोरड्या चिंध्या, त्या कोऱ्या निघेपर्यंत, आणि शेवटी तेलाची चिंधी. जुन्या धाटणीच्या बुडाचा आटेदार बूच सफाईसाठी काढत नाहीत.

बुडाशी दारूची कोठी नळीहून अरुंद असेल, तर रुंद चिंधी तेथवर पोचतच नाही आणि नळी चकचकीत दिसत असताना कोठीत कीटण राहते. तेथे बारीक ब्रश लागतो. गज तोंडाच्या कडेला घासू नये म्हणून मार्गदर्शक नळकांडे वापरतात, कारण ती कड झिजली की नेम जातो. अडकलेली चिंधी मळसूत्री काट्याने काढतात. चापाची यंत्रणा अर्ध्या घोड्यावर (घोडा अर्धा मागे ओढून) ठेवून उतरवतात, धुऊन वाळवतात, सांध्यांना थेंबभर तेल देतात. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी व तिच्यासमोरचे पोलादी पाते मात्र कोरडे ठेवावे लागते.

वाद : उकळते पाणी नळी तापवून लगेच वाळवते, म्हणून अनेकांना ते पसंत आहे, पण तापलेल्या उघड्या धातूवर काही मिनिटांत नारिंगी गंजाची झाक येते. लवणे थंड पाण्यातही विरघळतात. कोमट पाणी, हवा तर थोडा साबण, पुरेसे ठरते. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेली मिश्रणे कीटण फेसाने झटपट सोडवतात खरी, पण ऑक्सिडीकारक द्रव लोखंडावर ठेवणे हा सौदा शंकास्पद आहे.

दुसरा वाद वंगणाचा. चरबी-मेणाने नळी ओतीव लोखंडी तव्यासारखी ‘मुरवता’ येते, असे काही नेमबाज सांगतात. आधुनिक पोलादी नळीत असे मुरणे शक्य आहे का, याविषयी धातुविदांकडे झुकणारे मत नकारार्थी आहे. खनिज तेल राहिलेल्या नळीत काळी दारू जाळली की डांबरासारखा चिकटा होतो, हा अनुभव मात्र बऱ्याच जणांचा आहे. त्यामुळे साठवणीचे तेल बार भरण्याआधी पुसून टाकतात.

पर्यायी दारू : पायरोडेक्समध्ये परक्लोरेट असल्याने अवशेषात क्लोराइड येते, तिची सफाई काळ्या दारूइतकीच, किंबहुना अधिक तातडीची. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या ब्लॅकहॉर्न 209 ला पाणी चालत नाही, द्रावक लागतो. 1985 च्या नाइटच्या रायफलीपासून रुळलेल्या सरळ बुडाच्या (टोपी नळीच्या थेट मागे बसते अशा) बंदुकांत बूच आट्यांसह बाहेर येतो. आट्यांना जाड ग्रीस न लावल्यास तो जाम होतो. प्लास्टिकच्या कवचातील गोळ्यांचा थर पाण्याने जात नाही.

साठवण : बंदूक तोंड खाली करून ठेवतात, म्हणजे तेल कोठीत व लाकडात झिरपत नाही. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवून पाहतात. ती तांबूस निघाली तर पुन्हा धुतात. पुढच्या नेमबाजीपूर्वी तेल पुसून, तोंड सुक्या पानाजवळ धरून, रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या फोडतात. पान हलले तर वाट मोकळी आहे.