वॅट जास्त म्हणजे खेच जास्त? नाही हो!

दुकानात अजून ऐकायला मिळतं, "हा व्हॅक्यूम क्लीनर घ्या, २००० वॅटचा आहे, सगळी धूळ ओढतो". अहो, तो आकडा मोटर वीज किती खाते त्याचा, खेचते किती त्याचा नाही. खेच ठरते पंख्याच्या पात्यांवर, पाइप कुठे लीक आहे, फिल्टर किती तुंबलाय यावर, उरलेल्या विजेची नुसती उष्णता आणि आवाज. म्हणून तर युरोपियन युनियनने २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, वर मोटर निदान ५०० तास टिकली पाहिजे अशी अटही.

एक गंमत करून बघा, चालू व्हॅक्यूमच्या पाइपवर तळहात ठेवा, आवाज चढतो ना? लोकांना वाटतं मोटरवर लोड आला. उलट आहे, हवाच जात नाही म्हणून पंख्याला काम कमी, मोटर सुसाट पळते आणि वॅट चक्क उतरतात. पण बऱ्याच साध्या मशीनमध्ये तीच हवा मोटर थंड करते, त्यामुळे जास्त वेळ हात ठेवू नका. बॅग गच्च भरली की हेच होतं, मोटर तापते, आणि मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश तर तसेही झिजतच असतात.