महाराष्ट्रात ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं आहे? लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंतची सगळी प्रक्रिया

लायसन्स काढायचं म्हटलं की घरात पहिली चौकशी होते ती एजंटची. खरं तर आता अर्ज, फी, अपॉइंटमेंट हे सगळं मोबाईलवरून होतं. कागदपत्रंही बहुतेकांच्या घरात आधीपासूनच असतात. अवघड आणि महत्त्वाचा भाग एकच, तो म्हणजे लर्निंग हातात आल्यापासून पक्क्या लायसन्सच्या चाचणीपर्यंतचा काळ. हा काळ बहुतेक जण नुसती तारीख येण्याची वाट बघण्यात घालवतात. म्हणून कागदांबद्दल इथे थोडक्यात सांगितलं आहे आणि शिकण्याबद्दल व चाचणीबद्दल सविस्तर.

वय आणि वाहनाचा प्रकार

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार कार किंवा गिअरची मोटारसायकल चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. टॅक्सी, टेम्पो, ट्रक अशा वाहतुकीच्या वाहनांसाठी वयाची अट २० वर्षांची आहे.

सोळाव्या वर्षीही लायसन्स मिळतं, पण त्याबद्दल पालकांमध्ये मोठा गैरसमज आहे. हे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी असतं आणि त्याला पालकांची संमती लागते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाकडे लायसन्स असलं तरी क्लासला जाताना तो आईची स्कूटर नेऊ शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘कोपऱ्यापर्यंतच तर जातोय’ म्हणून किल्ली देणाऱ्या प्रत्येक पालकाने हे कलम एकदा वाचावं.

अर्ज करताना वाहनाचा प्रकार नीट निवडा. बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन, म्हणजे कार, हे वेगवेगळे प्रकार आहेत. दुचाकी आणि कार दोन्ही एकाच अर्जात घेता येतात. पुढेमागे दोन्ही लागणार असतील तर आत्ताच घ्या, नाहीतर नंतर कारसाठी पुन्हा लर्निंगपासून सुरुवात करावी लागते.

कारचं लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं हलकं वाहतूक वाहनही चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मध्यम किंवा अवजड वाहनाचं लर्निंग हवं असेल, तर मात्र आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स हातात असावं लागतं.

कागदपत्रं

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा आयुर्विम्याची पॉलिसी चालते. आधार वापरून अर्ज केला तर नाव, पत्ता, जन्मतारीख तिथूनच घेतली जाते. त्यामुळे आधारवर जुना पत्ता असेल किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्या. तीच चूक लायसन्सवर उमटली, तर ती काढायला वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागते. मोबाईल नंबरही आधारला जोडलेला हवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

फॉर्म १ हा तब्येतीबद्दलचा स्वतःचा जबाब असतो. त्यातला एक प्रश्न असा आहे: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर तो लावून, २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? बहुतेक जण न वाचताच ‘होय’वर टिक करतात. तसं करू नका. रस्त्यावर उभं राहून, एकेक डोळा झाकून, साधारण तीस-पस्तीस पावलांवरची नंबरप्लेट वाचून पाहा. वाचता आली नाही तर आधी चष्म्याचा नंबर तपासा. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० पासून लायसन्स मिळू शकतं, त्यामुळे ते लपवायचं कारण उरलेलं नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना आणि वाहतुकीच्या वाहनाचं लायसन्स काढणाऱ्यांना नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. ते फॉर्म १-ए वर असतं.

लर्निंगचा अर्ज आणि परीक्षा

केंद्र सरकारचं ‘सारथी’ हे अधिकृत संकेतस्थळ आहे. त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, हे पाहूनच पुढे जा. नाव आणि रंग सारखे ठेवून जादा पैसे घेणाऱ्या खासगी साइट सर्चमध्ये वर येतात. राज्य म्हणून महाराष्ट्र निवडायचं, आधार पडताळणी करायची, अर्ज भरायचा, सही अपलोड करायची आणि फी भरायची. साइटवर आणि सरकारी कागदांत ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ असा शब्द दिसेल, ते आपलं लर्निंगच.

केंद्रीय नियमांनुसार लर्निंगची फी प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेची फी ५० रुपये आहे. पक्क्या लायसन्ससाठी २०० रुपये आणि प्रत्येक प्रकारच्या चाचणीसाठी ३०० रुपये आकारतात. यावर सेवाशुल्क आणि टपालखर्च लागतो. पैसे भरण्याआधी एकूण रक्कम स्क्रीनवर दिसते. एखादा माणूस याच्या कित्येक पट रक्कम सांगत असेल, तर वरचे पैसे कुठे जातात ते तुम्हीच ओळखा.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार असलेल्यांना लर्निंगची परीक्षा घरूनच देता येते. आधार वापरायचं नसेल तर अपॉइंटमेंट घेऊन आरटीओत जावं लागतं. परीक्षा मराठीतूनही होते. त्यात वाहतुकीची चिन्हं, रस्त्याचे नियम, चालकाची कर्तव्यं आणि गाडीसोबत ठेवायची कागदपत्रं यांवर पर्यायी प्रश्न असतात. पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात.

परीक्षा घरी आहे म्हणून दादाला किंवा सायबर कॅफेवाल्याला शेजारी बसवून उत्तरं घेणं हा स्वतःशीच केलेला खोटेपणा आहे. लाल कड असलेलं गोल चिन्ह मनाई सांगतं, लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो आणि निळं गोल चिन्ह सक्तीचं असतं. एवढ्या तीन गोष्टी पक्क्या झाल्या तरी निम्मी चिन्हं न पाठ करता ओळखता येतात. दोन संध्याकाळी मन लावून वाचलं तर ही परीक्षा सहज सुटते.

तीस दिवस ते सहा महिने

लर्निंग सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. म्हणजे चाचणीसाठी मधले साधारण पाच महिने मिळतात. मोठ्या शहरांत तारखा भराभर भरतात, म्हणून तीस दिवस होताच स्लॉट बघायला लागा. मुदत संपली तर पुन्हा नवं लर्निंग काढावं लागतं.

या काळात गाडी चालवायला काही अटी आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३ मध्ये त्या दिल्या आहेत. शेजारी त्या प्रकारच्या वाहनाचं पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि तिला गाडी थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ हवा. पांढरा चौकोन किमान १८ सेंटिमीटरचा आणि अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर. काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला बोटभर स्टिकर या मापात बसत नाही. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवायचं नाही.

हे नियम विम्यासाठीही महत्त्वाचे आहेत. लर्निंगवाल्याने चालवलेल्या गाडीला विमा लागू होतो, पण नियम ३ पाळलेला असेल तरच, अशी अट पॉलिसीतच असते. मित्राची गाडी एकट्याने फिरवताना अपघात झाला, तर नुकसानीचा बोजा थेट घरावर येऊ शकतो.

खासगी वाहनाच्या लायसन्ससाठी ड्रायव्हिंग स्कूल सक्तीचं नाही. घरातल्या अनुभवी माणसाकडूनही शिकता येतं. तरी कारसाठी मी स्कूलच सुचवेन, कारण त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. नियमांनुसार स्कूलचं खासगी वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तास. पैसे भरण्याआधी सरळ विचारा: रोज स्टिअरिंग माझ्या हातात किती वेळ असेल? एका गाडीत तीन शिकाऊ बसवून प्रत्येकाला दहा मिनिटं मिळणार असतील, तर २१ दिवसांत साडेतीनच तास होतात. रिव्हर्स, चढ आणि पार्किंग शिकवणार का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी सरळ रस्त्यावर फिरवून आणण्यातच दिवस संपतात.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र हा वेगळा प्रकार आहे. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम असतो. त्यात ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे असतात. तिथली चाचणी पास झालेल्याला आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही. ही सवलत साध्या ड्रायव्हिंग स्कूलला नाही. ‘आमच्याकडे शिका, टेस्ट माफ’ असं कोणी सांगितलं तर त्या केंद्राची मान्यता आधी तपासा.

चाचणीचा दिवस

लर्निंगचा नंबर आणि जन्मतारीख टाकून सारथीवर पक्क्या लायसन्सचा अर्ज करायचा, फी भरायची आणि तारीख घ्यायची. तालुक्याच्या गावांत आरटीओची शिबिरं भरतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं लांब पडत असेल तर शिबिराची तारीख निवडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो.

ज्या प्रकाराचं लायसन्स हवं त्याच प्रकारचं वाहन न्यायचं. वाहनाचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू स्थितीत हवेत. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट घालूनच ट्रॅकवर जावं.

दुचाकीला बहुतेक ठिकाणी आठचा आकडा काढायला लावतात. पाय जमिनीला टेकला की गुण गेले. पुढच्या चाकाकडे बघितलं तर तोल जातो, म्हणून नजर पुढच्या वळणावर ठेवा. पहिला गिअर, अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, एवढ्यावर गाडी संथ आणि स्थिर राहते.

कारच्या चाचणीत काय बघायचं हे नियम १५ मध्ये लिहिलेलं आहे. आरसा जुळवणं, सीटबेल्ट, योग्य वेळी गिअर बदलणं, इशारे देणं, ओव्हरटेक करणं आणि करू देणं, अचानक थांबणं, रिव्हर्समध्ये अरुंद जागेत शिरणं. पुण्याजवळ भोसरीला आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेत आहे तशा संगणकीय ट्रॅकवर सेन्सर चूक नोंदवतात, तिथे विनवणीचा उपयोग नसतो.

सगळ्यात जास्त जण अडकतात ते चढावर. चढावर गाडी पूर्ण थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची असते. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. गाडीचं नाक किंचित वर उचललं जातं आणि इंजिनचा आवाज जड होतो. त्या क्षणी क्लच तिथेच धरून थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक सोडा. घाईत हँडब्रेक आधी सोडला की गाडी मागे येते. रिकाम्या पुलाच्या चढावर, शिकवणाऱ्याला शेजारी बसवून, हे अंगवळणी पडेपर्यंत करा. लायसन्सवर ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असा भेद नसतो. म्हणून ऑटोमॅटिक कारवर चाचणी दिलेल्यांनीही क्लचची गाडी रस्त्यावर काढण्याआधी हा सराव जरूर करावा.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि सुधारणा-प्रशिक्षणही घ्यावं लागतं. नापास झाल्यावर निरीक्षकाला नेमकं काय चुकलं ते विचारा. बहुतेक निरीक्षक सांगतात.

लायसन्स आल्यावर

स्मार्ट कार्ड टपालाने अर्जातल्या पत्त्यावर येतं. तोवर आणि नंतरही डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स पोलिसांना दाखवलं तर ते ग्राह्य आहे. मोबाईलमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटो मात्र चालत नाही. लायसन्स नसताना गाडी चालवली तर कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहे, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्यालाही कलम १८० खाली तेवढाच दंड होऊ शकतो.

खासगी वाहनाच्या लायसन्सची मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत काढलं तर चाळीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत आणि त्यापुढे दर वेळी पाच वर्षं. वाहतुकीच्या वाहनांना पाच वर्षं.

मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवशीपासून गाडी चालवणं बेकायदा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यावर एक वर्षाच्या आत केला तर चाचणी लागत नाही. त्यापुढे गेलात तर पुन्हा ट्रॅकवर उतरावं लागतं. घरातल्या ज्येष्ठांच्या लायसन्सची मुदत आजच पाहून घ्या. साठीनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि दर वेळी डॉक्टरचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं.