ग्लायसेमिक निर्देशांक आणि कमी निर्देशांकाचे पिष्टान्न

ग्लायसेमिक निर्देशांक : कर्बोदके असलेले अन्न खाल्ल्यावर रक्तातील साखर किती आणि किती वेळ चढलेली राहते, हे शुद्ध ग्लुकोजच्या तुलनेत सांगणारा अंक. ग्लुकोजचा अंक १०० धरतात. ५५ किंवा त्याखालचा अंक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढचा उच्च मानला जातो. रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्यासाठी पिष्टमय पदार्थ निवडताना हा अंक वापरतात. तो धान्याच्या नावाला चिकटलेला नसतो. दळण, शिजवण आणि ताटातील सोबत बदलली की अंकही बदलतो. पुण्यात बोलताना याला सर्रास ‘जीआय’ म्हणतात. भौगोलिक मानांकनाची आद्याक्षरेही तीच असल्याने घोटाळा होतो. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये मिळालेला ‘जीआय’ त्या मातीचा आहे, साखरेचा नव्हे.

संकल्पनेचा उगम सामान्यतः १९८१ हा धरतात. त्या वर्षी टोरँटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स, टॉमस वोलेव्हर आणि सहकाऱ्यांनी ६२ पदार्थांचे निर्देशांक प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या पिष्टांमुळे साखर आणि इन्सुलिन वेगवेगळे चढते, हे मात्र फिलिस क्रेपो यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच दाखवले होते. म्हणून निरीक्षणाचे श्रेय आधीच्या संशोधकांना आणि मोजणीच्या पद्धतीचे टोरँटोला देणे अधिक योग्य दिसते. पुढची कोष्टके मुख्यतः सिडनी विद्यापीठाच्या गटाने सांभाळली. १९९५, २००२, २००८ आणि २०२१ अशा त्यांच्या आवृत्त्या निघाल्या.

मोजणीची रीत २०१० च्या आंतरराष्ट्रीय मानकाने (आयएसओ २६६४२) ठरवून दिली आहे. किमान दहा निरोगी व्यक्ती रात्रभरच्या उपाशी पोटी येतात. त्यांना ५० ग्रॅम ‘उपलब्ध’ कर्बोदके, म्हणजे तंतू वगळून उरणारी, देणारा पदार्थ खायला देतात. खाण्याआधी आणि मग १५, ३०, ४५, ६०, ९० व १२० मिनिटांनी बोटातून रक्त घेतात. या आकड्यांचा आलेख काढून उपाशीपोटीच्या पातळीच्या वरचे क्षेत्रफळच मोजतात. साखर त्या पातळीखाली गेली तर तो भाग सोडून देतात. त्याच व्यक्तीच्या ग्लुकोजच्या क्षेत्रफळाशी याचे शेकडा प्रमाण काढतात आणि सर्वांची सरासरी हा पदार्थाचा अंक ठरतो. ग्लुकोजची चाचणी एकदा करून भागत नाही. तोच माणूस तेच ग्लुकोजचे पाणी दुसऱ्या दिवशी प्यायला तरी आलेख वेगळा येतो.

५० ग्रॅमच्या अटीतून एक जुना गैरसमज जन्मला. १९८१ च्या यादीत गाजराचा अंक ९२ होता. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी अर्ध्या किलोहून बरेच जास्त गाजर खावे लागते, ही गोष्ट बाजूला पडली आणि मधुमेह्यांच्या ताटातून गाजराची कोशिंबीर गेली. नंतरच्या चाचण्यांत शिजवलेल्या गाजराचा अंक ३९ च्या आसपास आला. आता कमी कर्बोदकांच्या पदार्थांसाठी २५ ग्रॅमवर चाचणी करण्याची मुभा आहे.

दुसरा घोटाळा मापदंडाचा. काही प्रयोगशाळा ग्लुकोजऐवजी पांढऱ्या पावाला १०० धरत असत. पावाच्या मापातील अंक ग्लुकोजच्या मापात आणायचा तर ०.७ ने गुणावे लागते. पावाच्या मापात ७४ ठरणारी पोळी ग्लुकोजच्या मापात ५२ होते. दोन यादींतले आकडे न गुणता शेजारी ठेवले की पोळी एका ओळीत वाईट आणि दुसरीत चांगली ठरते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांत हे नेहमी आढळते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६३ जणांनी तोच पांढरा पाव खाल्ला, तेव्हा सरासरी ६२ आली आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १५. म्हणजे एकच पाव कोणाला मध्यम, तर कोणाला उच्च. तेव्हा दोन पदार्थांतला पाच-सात अंकांचा फरक घरच्या निवडीसाठी फारसा कामाचा नाही. वीस-पंचवीसचा असेल तर आहे.

ज्वारी : ‘आपल्या पूर्वजांचे अन्न, म्हणून आपल्याला मानवणारे’ अशी ज्वारीची शिफारस पुण्यात वारंवार ऐकू येते. तिचा ऐतिहासिक भाग तपासून घ्यावा असा आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. पूर्व सुदानमधील मातीच्या भांड्यांवर उमटलेल्या ठशांवरून ती इ.स.पू. चौथ्या सहस्रकात माणसाळू लागली होती, असे २०१७ मध्ये मांडले गेले. भारतात ती केव्हा आली, याबद्दल मतभेद आहेत. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धाचा काळ बहुधा सांगितला जातो. पण सुरुवातीच्या नोंदींपैकी काहींच्या ओळखीवर आणि थरांच्या कालनिश्चितीवर शंका घेतल्या गेल्या आहेत आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील त्या वस्तीचे मुख्य पीक सातू (जव) होते. पूर्वजांचाच दाखला द्यायचा तर तो सातूच्या बाजूने जातो. योगायोग असा की अख्ख्या सातूचा निर्देशांक २८ आहे, म्हणजे कोणत्याही रोजच्या धान्यापेक्षा कमी. मात्र बाजारात मिळणारे सातूचे पीठ भाजून बारीक दळलेले आणि बऱ्याचदा गहू-डाळे मिसळलेले असते; त्यात गूळ घालून कालवले की २८ चा आकडा त्याला लागू राहत नाही.

२०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली भरडधान्यांची सरासरी ५२.७ आली, पांढऱ्या तांदळाची ७१.७ आणि मैद्यासारख्या गव्हाच्या पिठाची ७४.२. ही तुलना खरी, पण सरासरीची. त्याच धान्यांची पेज केली तर आंतरराष्ट्रीय कोष्टकात ६७ येते. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने भाकरी थापायला पीठ बारीक आणि ताजे लागते. दळून आठ-दहा दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि मग आधणाच्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी लागते. उकडीत पिष्टाचे कण आधीच फुगलेले असतात आणि आतड्यातील विकरांना ते सहज फोडता येतात. जे बारीक दळण भाकरी चांगली थापू देते, तेच साखर लवकर चढवते, असा हा पेच आहे. त्यावरचा जुना उपाय ज्वारीच्या कण्या : दाणा भरडून, चाळून, शिजवून ताकाबरोबर खायच्या. कण मोठे राहतात आणि पचन रेंगाळते. नाचणी आणि बाजरीलाही हाच नियम लागू; नाचणीचे पातळ सत्त्व हे त्यांतले सर्वांत वेगाने साखर चढवणारे रूप.

भात : तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात. अमायलोज सरळ साखळीचे, दाट बसणारे आणि सावकाश पचणारे. अमायलोपेक्टिन फांद्यांचे, चिकट आणि झटपट पचणारे. शिजल्यावर दाणा दाण्याला चिकटतो त्या भातात बहुधा अमायलोज कमी असते. आंबेमोहोर आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी हे पुण्याचे लाडके तांदूळ चिकट शिजतात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या तपासणीत २३५ वाणांचे अंक ४८ ते ९२ असे पसरले आणि सरासरी ६४ आली. भारतात मोठ्या प्रमाणावर पिकणारे ‘स्वर्णा’ कमी गटात बसले. बासमती अनेक चाचण्यांत ५० ते ५८ च्या दरम्यान येतो. उलट हातसडीच्या किंवा ब्राऊन तांदळाचे नाव मोठे असले, तरी कोष्टकात तो ६८ आणि पांढरा ७३. तंतूंसाठी तो घ्यावा. साखरेत मोठा फरक पडेल ही अपेक्षा ठेवू नये. मऊ, गुरगुट्या भात आणि पेज ७८ च्या घरात जातात.

भात गार झाल्यावर अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि प्रतिरोधी, म्हणजे लहान आतड्यात न पचणारे, पिष्ट तयार होते. २०१५ च्या एका इंडोनेशियन प्रयोगात ताज्या भातात ते १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम, तर २४ तास ४ अंश सेल्सिअसला ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम भरले. साखरही कमी चढली. फोडणीच्या भाताला यातून मान मिळाला, काहीसा गरजेपेक्षा जास्तच. वाढ १०० ग्रॅममागे एका ग्रॅमची आहे. शिवाय भात ओट्यावर रात्रभर ठेवला तर बॅसिलस सिरियस हा जंतू वाढतो आणि त्याचे विष फोडणीने नष्ट होत नाही. भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

गहू : पोळीचे अंक ५२ ते ६२ असे मिळतात, पांढऱ्या पावाचा ७५ आणि ‘होल व्हीट’ पावाचा ७४. पिठाचा रंग नव्हे, तर जाळीदार फुगलेली रचना पावाचा अंक वर नेते. पुण्यात भाव खाणारी खपली ही कवचबंद गव्हाची जात आहे. मळणीनंतरही टरफल दाण्याला खपलीसारखे चिकटून राहते, त्यावरून नाव पडले असावे. तिची पोळी चवीला आणि तंतूंच्या दृष्टीने चांगली, तरी पिठाचा मोठा भाग पिष्टाचाच असतो. म्हणून ‘खपली आहे, एक जास्त चालेल’ हे गणित बसत नाही. गिरणीत ‘जाडसर’ सांगावे आणि घरी सपीटाची चाळण वापरू नये, एवढे मात्र कोणत्याही गव्हाला उपयोगी पडते.

कडधान्ये व डाळी : येथे वादाला जागा कमी. हरभरे २८, राजमा २४, मसूर ३२, सोयाबीन १६. पिष्ट पेशीभित्तिकेत अडकलेले असते आणि अमायलोज जास्त. पिठले-भाकरीत बेसन भाकरीचा वेग कमी करते. थालीपिठाच्या भाजणीत हरभरा व उडीद डाळीचा वाटा वाढवला, तर तोच परिणाम साधतो. मिसळीत मटकीची उसळ निर्दोष असते. अंक बिघडवतो तो सोबतचा पाव.

उपवास : साबुदाणा म्हणजे कसाव्याचे जवळजवळ शुद्ध पिष्ट. १०० ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके, तंतू नगण्य. दाण्याचे कूट चढण थोडी सावकाश करते, थांबवत नाही. बटाटा ७८. वरीचा भात (भगर) याहून बरा. राजगिऱ्याच्या लाह्या मात्र फुटून हलक्या झालेल्या असल्याने चढ्याच निघतात.

गोड पदार्थ : साखर ६५, मध ६१. गूळ साखरेहून सौम्य नाही. आंबा ५१, केळे ५१, सफरचंद ३६. रस काढला की तंतूंचा अडसर जातो.

ग्लायसेमिक भार : निर्देशांकात प्रमाण नसते, ही उणीव हार्वर्डच्या संशोधकांनी १९९७ मध्ये भरून काढली. अंकाला वाढलेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागायचे. १० पर्यंत कमी, २० पासून जास्त. कलिंगडाचा अंक ७६, पण १२० ग्रॅम फोडीत कर्बोदके साधारण ६ ग्रॅम, म्हणून भार पाचच्या आत. १५० ग्रॅम शिजलेल्या भातात (कच्चे ५० ग्रॅम) सुमारे ३९ ग्रॅम, भार २८. ज्वारीची ५० ग्रॅम पिठाची भाकरी ३४ ग्रॅमची. अंक ६० धरला तरी भार २०. अर्थात दोन भाकऱ्या एका वाढप भातापेक्षा भारी पडतात. भात सोडून भाकरी धरूनही आकडे न हलण्यामागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते.

वाढपाचा क्रमही मोजावा. पुणेरी पानात सुरुवात वरण-भात-तूप-लिंबाने होते, म्हणजे उपाशी पोटी आधी सर्वांत वेगाचे पिष्ट. तूप आणि लिंबाची आंबट चव पोट रिकामे होणे थोडे लांबवतात. तरी आधी कोशिंबीर, उसळ आणि मग भात असा क्रम ठेवल्यास तेवढ्याच अन्नाने साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसले आहे.

उपयोग किती : मधुमेह्यांवरील चाचण्यांच्या २००९ च्या आढाव्यात कमी निर्देशांकाच्या आहाराने तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सुमारे ०.५ टक्क्याने, तर २०२१ च्या मोठ्या आढाव्यात ०.३१ टक्क्याने उतरली. २०१४ च्या एका अमेरिकन चाचणीत मात्र मुळातच भाज्या-फळांनी भरलेल्या आहारात अंक कमी केल्याने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. ते सहभागी मधुमेही नव्हते. औषधाला पूरक म्हणून लाभ मध्यम, हे मत अधिक ग्राह्य दिसते. वजन कमी म्हणून काळजी नको, असे येथे म्हणता येत नाही. बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले.

घरची पडताळणी : एकच पदार्थ, वजन करून, दोन-तीन वेगळ्या दिवशी खावा. पहिल्या घासाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरने मोजावे. साधारण लक्ष्य १८० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या आत. बोटाला फळाचा रस असेल तर आकडा फसवा येतो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. मानकानुसार यंत्राला १०० च्या वर १५ टक्के चूक माफ आहे, त्यामुळे १५० आणि १६५ यांत फरक मानू नये.

सावधगिरी : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, मात्रा आधी डॉक्टरांकडून जुळवून घ्यावी. साखर अशी घसरली, तर कमी निर्देशांकाचे अन्न निरुपयोगी. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातील स्निग्धांश शोषण लांबवतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला साखरही पुरत नाही, कारण ती फोडणारे विकरच त्या गोळीने अडवलेले असते. त्याच्याकडे ग्लुकोज पावडरच हवी.